फी वाढवा, पाकीट परत करा

वाचकाचे पत्र: मी एम.डी. मेडिसिन असून चार वर्षांपूर्वी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी 15 खाटांचे रुग्णालय सुरू केले. इमारत आणि यंत्रसामग्रीसाठी काढलेल्या कर्जाला मोठे भाऊ जामीन आहेत. माझी तपासणी फी 200 रुपये आहे आणि तेवढ्यात हप्ता व कर्मचाऱ्यांचे पगार भागत नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका मोठ्या रुग्णालयाचा पीआरओ (जनसंपर्क अधिकारी) दर महिन्याला येतो आणि मी पाठवलेल्या प्रत्येक रुग्णाच्या बिलातील वाटा देऊ करतो. तपासणीसाठी रुग्ण पाठवल्याबद्दल लॅबचे पैशांचे पाकीट तर न मागताच येऊ लागले आहे. आसपासच्या खेड्यांतील डॉक्टर माझ्याकडून अशाच वाट्याची अपेक्षा धरतात. भाऊ म्हणतात, 'सगळे घेतात, मग तूच एकटा हरिश्चंद्र का?' वडिलांनी ओपीडीच्या भिंतीवर चरकाचा श्लोक फ्रेम करून लावला आहे, त्याखाली बसताना मला अपराधी वाटते. वैद्यकीकडे व्यवसाय म्हणून पाहणेच चूक आहे का? आणि चूक नसेल, तर रेषा कुठे आखायची?

उत्तर:

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

तुमच्या वडिलांनी लावलेला श्लोक कोणता, हे तुम्ही लिहिलेले नाही. परंतु दवाखान्याच्या भिंतींवर सहसा आढळतो तो चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील, रसायनाच्या अध्यायातला असतो: 'कुर्वते ये तु वृत्त्यर्थं चिकित्सापण्यविक्रयम्। ते हित्वा काञ्चनं राशिं पांशुराशिमुपासते ॥' पोटासाठी जे चिकित्सेचा माल करून विकतात, ते सोन्याची रास टाकून धुळीच्या राशीची पूजा करतात, असा त्याचा आशय आहे. हा श्लोक वाचून मन खजील होणे स्वाभाविक आहे. पण त्याच अध्यायात, याच्या अगदी थोडे आधी, आणखी एक श्लोक आहे आणि तो फ्रेममध्ये कधीच येत नाही. ज्याच्यावर उपचार झाले त्या माणसाने, आधी कबूल केलेले असो वा नसो, वैद्याची परतफेड केली नाही, तर त्याला निष्कृती म्हणजे त्या दोषातून सुटका नाही, असे चरक तिथे स्पष्ट म्हणतो. म्हणजे वैद्याला मोबदला मिळावा, एवढेच नव्हे तर तो देणे हे रुग्णाचे कर्तव्य आहे, हे ज्याने सांगितले, त्यानेच चिकित्सा विकायला काढणाऱ्याला दोष दिला आहे. या दोन्ही श्लोकांत मला विरोध दिसत नाही. वैद्याचे श्रम आणि ज्ञान यांचे मोल घेणे ही एक गोष्ट आहे, आणि या रुग्णाला काय हवे आहे याविषयीचा निर्णय विक्रीला ठेवणे ही दुसरी.

हाच फरक प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या पहिल्या भागात सॉक्रेटिस करतो. थ्रॅसिमॅकस नावाच्या प्रतिवाद्याशी वाद घालताना तो विचारतो की खरा वैद्य हा पैसे मिळवणारा असतो की आजारी माणसांची काळजी घेणारा. आणि मग दाखवून देतो की वैद्यकी ही एक कला आहे, मिळकत ही दुसरी कला आहे, आणि वैद्य जेव्हा पैसे मिळवतो तेव्हा तो या दोन्ही कला एकाच वेळी चालवत असतो. मला हा विचार आपल्या व्यवसायातील इतर कोणत्याही उपदेशापेक्षा उपयोगी वाटत आला आहे, कारण तो डॉक्टरला साधू होण्यास सांगत नाही. जर्मन तत्त्वज्ञ कान्टने 1785 मध्ये मांडलेले सूत्रही इथेच लागू पडते: माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये. या वाक्यातला 'केवळ' महत्त्वाचा आहे. रुग्णाकडून फी घेताना तो आपल्या चरितार्थाचे साधन होतोच, त्यात गैर काही नाही. ज्या क्षणी त्याची सोनोग्राफी त्याच्या पोटासाठी न होता आपल्या हप्त्यासाठी होते, त्या क्षणी तो केवळ साधन उरतो.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की व्यवसाय म्हणून पाहणे चूक नाही. तुम्ही पगार देता, वीजबिल भरता, ऑक्सिजनचे सिलिंडर मागवता. हे सारे नीट चालवणे ही जबाबदारी आहे, आणि जो डॉक्टर हिशेबाला कमी लेखतो तो अखेरीस रुग्णालाच संकटात टाकतो. रेषा आखायची ती निर्णयाच्या क्षणापाशी. समोरच्या रुग्णाविषयी तुम्ही 'हो' म्हटले काय किंवा 'नाही' म्हटले काय, त्याने तुमच्या खिशात पडणारी रक्कम बदलू नये, अशी जितकी व्यवस्था तुम्हाला करता येईल तितकी करायची. स्वतःच्या मनोबलावर विसंबू नका. थकलेल्या, कर्जात असलेल्या माणसाचे मनोबल रोज पन्नास वेळा कसोटीला लावणे योग्य नाही. व्यवस्थाच अशी हवी की ती कसोटी वारंवार येऊ नये.

वैद्यकीचा बाजार इतर बाजारांसारखा का चालत नाही, याची मांडणी अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी 1963 मध्ये केली होती. कापड घेणारा कापड चाचपून पाहतो, परंतु छातीत दुखणाऱ्या माणसाला आपल्याला अँजिओग्राफी लागते की ॲसिडिटीची गोळी, हे कळण्याचा मार्ग नसतो. ते सांगणारा आणि पुरवणारा बहुधा एकच असतो. म्हणून या व्यवहारात पारख करण्याची जागा विश्वासाने भरून काढलेली असते. हा विश्वास समाजाने डॉक्टरला आधीच दिलेला आहे, आणि कट, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दलचा वाटा, घेणारा डॉक्टर विकतो तो हाच विश्वास, जो त्याच्या एकट्याच्या मालकीचा नाही.

आता तुमच्या पत्रातील त्या वाक्याकडे येतो, जे तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझ्या मते सगळ्या अडचणीचे मूळ तिथे आहे: तुमची तपासणी फी 200 रुपये आहे. एम.डी. झालेला डॉक्टर रुग्णाची सविस्तर विचारपूस करून, पोट तपासून, जुने कागद वाचून, वीस मिनिटे घालवून जे निदान करतो, त्याचे 200 रुपये घेतो आणि त्याच्या दवाखान्याचा खर्च त्यातून निघत नाही. मग तो निघतो कशातून? आपल्या सर्वांना ठाऊक आहे. शेतावर मजुरी करणारी बाई येते, अंगात त्राण नाही म्हणते, 'डॉक्टरसाहेब, एक सलाईन लावा' अशी विनंती करते. तिला बहुधा रक्तक्षय असतो. हिमोग्लोबिन तपासून लोहाच्या गोळ्या द्याव्यात, पाळीच्या वेळी किती रक्त जाते हे विचारावे, जंतांचे औषध द्यावे, हे खरे काम. पण त्या कामाचे वेगळे पैसे कुणी देत नाही, आणि बाटली दिसते, थेंब थेंब अंगात जाताना दिसते, म्हणून बाटलीचे देतात. डेक्स्ट्रोज पाच टक्क्यांच्या 500 मिलिलिटरच्या त्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. नॉर्मल सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ. जिला तोंडाने खाता-पिता येते, तिला यातून घरच्या लिंबू-सरबतापेक्षा अधिक काही मिळत नाही. तासभर खाटेवर पडून राहिल्याने बरे वाटते, ते विश्रांतीमुळे. ती दिवसाची मजुरी बुडवून, बाटलीचे पैसे देऊन घरी जाते, आणि पंधरा दिवसांनी तीच तक्रार घेऊन परत येते, कारण रक्तक्षय जिथल्या तिथे असतो.

या बाईला फसवण्याचा डॉक्टरचा हेतू होता असे मी म्हणत नाही. अनेकदा तो तिचीच मागणी पुरी करतो. परंतु फी इतकी कमी ठेवली की विचार करण्याचे काम तोट्याचे होते आणि वस्तू टोचण्याचे काम नफ्याचे, ही व्यवस्था डॉक्टरला हळूहळू त्या दिशेने ढकलत राहते. कमी फी ही गरिबांवरची दया आहे असे आपण मानतो. प्रत्यक्षात तीच रक्कम रुग्णाकडून इंजेक्शन, बाटली, लॅब आणि रेफरल (रुग्ण दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवणे) यांच्या आडून अनेक पटींनी वसूल होते, आणि कशासाठी वसूल झाली हे त्याला कधी कळत नाही. म्हणून माझा पहिला सल्ला कदाचित तुम्हाला अनपेक्षित वाटेल: फी वाढवा. जितकी वाढवल्याने लॅबचा आणि पीआरओचा एक रुपयाही न घेता तुमचा महिना निघेल, तितकी वाढवा, आणि ती दारावर ठळक अक्षरांत लावा. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेत फीचा फलक लावणे आणि ती उपचारापूर्वी सांगणे हे दोन्ही डॉक्टरचे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी आठवड्यातला एखादा ठरलेला वेळ कमी फीचा किंवा विनाफीचा ठेवा, आणि तोही फलकावर लिहा. सवलत तुमच्या मर्जीवर राहिली, की ती मागायला येणाऱ्याला हात पसरावा लागतो आणि खरा गरजू संकोचाने येतच नाही.

काही रुग्ण तुटतील. सुरुवातीचे काही महिने ओपीडी ओस वाटेल. मात्र फी वाढवून जुनीच घाई चालू ठेवली, तर ती निव्वळ भाववाढ ठरेल, आणि लोक ते लगेच ओळखतात. वाढीव फीच्या बदल्यात रुग्णाला वेळ मिळाला पाहिजे, औषधे कशासाठी आहेत हे मराठीत लिहून मिळाले पाहिजे, आणि 'तुम्हाला सलाईनची गरज नाही' हे वाक्य कारणासह ऐकायला मिळाले पाहिजे.

कटाविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यात विचार करण्यासारखे फारसे उरलेले नाही. 2002 च्या त्याच आचारसंहितेने रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन देणे आणि घेणे या दोन्हींना मनाई केली आहे. 2009 च्या दुरुस्तीने औषध कंपन्यांच्या भेटी, सहली आणि रोख रकमा त्यात आणल्या. आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांना असा खर्च प्राप्तिकरात वजावट म्हणून दाखवता येणार नाही, असा निर्णय दिला. परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाची 2023 ची नवी नियमावली जाहीर झाल्यावर त्याच महिन्यात स्थगित झाली. महाराष्ट्राने 2017 मध्ये कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा स्वतंत्र मसुदा तयार केला होता, त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे नियम आहे, पण अंमल ढिला आहे, आणि 'सगळे घेतात' हे तुमच्या भावाचे वाक्य याच ढिलाईतून आलेले आहे.

पैसे नेमके कुठून येतात ते मात्र त्यांना समजावून सांगा. समजा एक लाखाच्या बिलातून 15,000 रुपये तुमच्याकडे येणार असतील, तर ते त्या रुग्णालयाच्या नफ्यातून येत नाहीत. ते बिलात आधीच धरलेले असतात आणि रुग्णाच्या नातेवाइकाने ते दागिने गहाण टाकून किंवा जनावर विकून भरलेले असतात. शिवाय अशा व्यवस्थेत तुमचा रुग्ण सर्वांत चांगल्या शल्यविशारदाकडे न जाता सर्वांत जास्त देणाऱ्याकडे जाऊ लागतो, आणि हे नुकसान बिलात कुठेच दिसत नाही.

पीआरओला नुसता नकार देऊ नका. नकार दिला की तो पुढच्या महिन्यात वाढीव टक्का घेऊन येतो. त्यापेक्षा रुग्णालयाच्या प्रशासनाला एकदा लेखी कळवा की माझ्या नावे जी रक्कम निघत असेल ती रुग्णाच्या बिलातून कमी करावी आणि तशी नोंद बिलावर असावी. आणि प्रत्येक रेफरल चिठ्ठीच्या तळाशी हीच ओळ छापून घ्या, म्हणजे ती नातेवाइकांच्याही वाचनात येईल. ज्या रुग्णालयाला हे मान्य नसेल, तिथे रुग्ण पाठवण्याचे कारण उरत नाही, अर्थात आणीबाणी सोडून. मेंदूच्या झटक्याच्या रुग्णाला जवळचे सीटी स्कॅनचे केंद्र गाठून देणे हे तुमच्या तत्त्वापेक्षा मोठे आहे. लॅबबाबतही हेच करा. जो वाटा पाकिटातून येतो तेवढा दर कमी करून घ्या आणि कमी झालेला दर तुमच्या काउंटरवर लावा. लॅबवाले यास बहुधा तयार होतात, कारण पाकीट देणे त्यांनाही जाचकच असते.

सर्वांत अवघड भाग मी मुद्दाम नंतरसाठी ठेवला आहे. खेड्यांतील जे डॉक्टर तुमच्याकडे रुग्ण पाठवतात, त्यांना वाटा देणेही तुम्हाला थांबवावे लागेल, कारण घेणे बंद करून देणे चालू ठेवले तर तो पैसा पुन्हा तुमच्याच रुग्णांच्या बिलातून निघेल. यात उत्पन्न नक्की घटेल, आणि काही डॉक्टर रुग्ण पाठवणे थांबवतील, हे तुम्ही गृहीत धरूनच पाऊल टाका. मात्र पाकिटाखेरीज त्यांना तुमच्याकडून काय हवे असते, हे मी पुष्कळ जणांकडून ऐकले आहे. आपण पाठवलेल्या रुग्णाचे काय झाले हे त्यांना कुणी कळवत नाही. आपला रुग्ण मोठ्या डॉक्टरकडे गेला की कायमचा गेला, ही त्यांची खंत असते. आणि 'आधीच्या डॉक्टरने चुकीचे औषध दिले' असे शब्द रुग्णासमोर उच्चारले जातात, तेव्हा गावातली त्यांची पत धुळीला मिळते. रुग्ण दाखल झाला की त्याच संध्याकाळी फोन करा, डिस्चार्ज कार्डाची प्रत त्यांना पाठवा, पुढची देखरेख त्यांच्याचकडे सोपवा आणि त्यांच्याविषयी रुग्णासमोर आदराने बोला. जे यावरही फिरकणार नाहीत, त्यांच्याशी तुमचे नाते पैशाचेच होते.

कर्जाविषयी एक गोष्ट आपल्या व्यवसायात पुरेशा मोकळेपणाने बोलली जात नाही. यंत्राचा हप्ता ठरला की त्या यंत्राला रोज ठरावीक रुग्ण लागतात, आणि कोणत्या रुग्णाला त्याची गरज आहे हे ठरवणारे तुम्हीच असता. म्हणून कर्जावर घेतलेले यंत्र तुमच्या क्लिनिकल निर्णयात नकळत भाग घेऊ लागते. तुमच्या 15 खाटांना मॉनिटर, ईसीजी, नेब्युलायझर, ऑक्सिजनची सोय हवी, यात शंका नाही. याहून महाग असलेले जे यंत्र तालुक्यात आणखी कुणाकडे आहे, ते स्वतः घेऊ नका. आणि हाती असलेले एखादे यंत्र हप्त्यापुरतेच चालत असेल, तर दोन-तीन डॉक्टरांनी मिळून ते सामाईक करता येते का, हे पाहा. अतिदक्षता विभागाच्या खाटा वाढवण्याचा विचार असेल तर तो सध्या थांबवा. रिकाम्या खाटेचा खर्च डॉक्टरच्या मनावर जो ताण आणतो, त्याचा परिणाम डिस्चार्ज एक दिवस पुढे जाण्यात होतो.

चांगला व्यवसाय आणि चांगली वैद्यकी एकत्र नांदू शकतात, याचे भारतातील मोठे उदाहरण मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचे आहे. सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर, वयाच्या 58 व्या वर्षी, 1976 मध्ये डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी ते 11 खाटांवर सुरू केले. पैसे भरणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून पुष्कळ रुग्णांच्या शस्त्रक्रिया विनामूल्य किंवा अत्यल्प दरात होतात. शल्यविशारदाचा वेळ वाया जाऊ नये म्हणून एका टेबलावर शस्त्रक्रिया चालू असताना शेजारच्या टेबलावर पुढचा रुग्ण तयार ठेवला जातो, आणि 1992 पासून त्यांच्या ऑरोलॅबमध्ये डोळ्यात बसवायचे भिंग स्वतःच बनवले जाऊ लागल्याने त्याची किंमत प्रचंड खाली आली. तिथे नफा मिळाला तो खर्चाची काटकसर आणि कामाची शिस्त यांतून, रुग्णाच्या अज्ञानातून नव्हे. मात्र मोतीबिंदू हा ठरवून करायच्या, एकसारख्या शस्त्रक्रियेचा आजार आहे. सर्पदंश, न्यूमोनिया, मूत्रपिंड निकामी झालेला मधुमेही आणि कीटकनाशक प्यायलेला तरुण एकाच रात्री ज्याच्या दारी येतात, त्या तुमच्यासारख्या फिजिशियनने मदुराईचा साचा जसाच्या तसा उचलला तर तो चालणार नाही.

तुमच्या उपयोगाचे उदाहरण जवळचे आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून जामखेडला जे काम केले, त्यात गावातल्याच, बहुधा अल्पशिक्षित बायकांना आरोग्य-कार्यकर्त्या म्हणून तयार करून बाळंतपण, पाणी, पोषण आणि लसीकरण यांची कामे त्यांच्या हाती दिली, आणि रुग्णालयात येणारे कितीतरी आजार गावातच थांबवता येतात हे दाखवून दिले. खाटा भरण्यावर जगणाऱ्या रुग्णालयाला हे काम परवडत नाही, ही त्याची खरी अडचण. तुम्हाला मात्र त्याचा एक छोटा भाग परवडणारा करता येईल. तुमच्या ओपीडीतील मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांची स्वतंत्र नोंदवही करा आणि त्यांच्यासाठी वर्षाची एकच ठरावीक फी ठेवा. त्यात ठरलेल्या भेटी, पायांची तपासणी, वर्षातून एकदा डोळ्यांसाठी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवणे, आणि कुणी भेट चुकवली तर परिचारिकेचा फोन, एवढे सगळे यावे. या रुग्णाला दाखल करावे लागले नाही तर तुमचे नुकसान होत नाही, उलट तुमचा वेळ वाचतो. आधीच निश्चित असलेली अशी रक्कम बँकेचा हप्ता भरण्यासही सोयीची असते, आणि निर्णयापासून पैसा दूर ठेवण्याची जी व्यवस्था मी वर म्हटली, तिचे हे सर्वांत साधे रूप आहे.

राहता राहिले तुमचे मोठे भाऊ. ते जामीन आहेत, तेव्हा त्यांची काळजी रास्त आहे आणि केवळ तत्त्वाच्या गोष्टींनी त्यांचे समाधान होणार नाही, व्हावे अशी अपेक्षाही नको. त्यांना सोबत घेऊन सनदी लेखापालाकडे बसा. लॅबचे आणि रेफरलचे उत्पन्न शून्य धरून, वाढीव फी आणि वार्षिक नोंदणी धरून, पुढच्या वर्षाचा जमाखर्च मांडा. तूट निघाली तर ती घेऊन बँकेत जा आणि कर्जाची मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा. चार वर्षे नियमित भरणा असलेल्या डॉक्टरचा असा अर्ज बँकेला विचारात घेण्यासारखा वाटतो, मात्र तो हप्ता थकण्याआधी द्यायला हवा. लॅबला द्यायचे पत्र आणि नव्या फीचा फलक यांची तारीख एकच ठेवा, म्हणजे एकाच महिन्यात लोकांना कारण आणि बदल दोन्ही दिसतील. पहिल्या तिमाहीचा हिशेब हाती आला की मला पुन्हा लिहा, आणि खेड्यांतील डॉक्टरांपैकी कोण टिकले व कोण गेले, तेही त्यात अवश्य कळवा.